देवदाराचा भुसा

"देवदाराचा भुसा घातलास?" साप-सरड्यांचं दुकान चालवणाऱ्या व्हर्नाचा चेहरा पडला. "अगं बाई, त्याच्या तेलाने सापाची छाती भरते."

आर्डिसने दुकानाचा काउंटर घट्ट धरला. "वास चांगला येतो म्हणून घातला गं."

आर्डिस म्हणजे डुलुथ शहराच्या इस्पितळात तीस वर्षं चादरी धुतलेली बाई. घाण दिसली की तिचे हात शिवशिवत. नोव्हेंबरात बर्फावरून गाडी घसरली आणि तिची एकुलती एक लेक ब्रिटा गेली. मागे राहिला तिने पाळलेला तांबूस साप, टोबी. त्याच्या काचपेटीत ब्रिटाने स्वतः कालवलेली माती होती, मातीत बारीक किडे. "आई, ती घाण नाही. किडे त्याची विष्ठा खातात. जिवंत माती आहे ती," ती सांगायची. जानेवारीत मातीवर पांढरी बुरशी दिसली, तशी आर्डिसने सगळी उपसून कचरागाडीत दिली. पेटी लख्ख घासली आणि तिच्यात देवदाराचा भुसा पसरला.

"ती माती आहे का अजून?" व्हर्नाने विचारलं.

"नाही."

व्हर्नाने नारळाचा भुगा, माती, वाळू, ओकची वाळकी पानं आणि डबीभर किडे पुढ्यात ठेवले. "ओलं करून मूठ वळ. गोळा व्हायला हवा, पण पाणी गळता कामा नये."

"ब्रिटा किती वाळू घालायची?"

"ते नाही गं ठाऊक. तिच्या अंदाजानं करायची ती."

घरी ब्रिटाच्या खोलीत आर्डिस दुपारभर माती कालवत बसली. मूठ वळायची, मोडायची, पुन्हा वळायची. तिचा नवरा ऑर्विल दारातच थांबला. लेक गेल्यापासून त्याने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"त्या जनावरापायी किती जीव आटवशील?"

"तिचं आहे रे ते."

टोबी तोंड वासून श्वास घेत होता. जनावरांच्या डॉक्टरने औषध दिलं, पण आशा दिली नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो नव्या मातीवर सरळ, ताठ पडलेला दिसला.

"तिच्या हातचं तेवढंच राहिलं होतं, ऑर्विल," आर्डिस म्हणाली. "मी ते कचऱ्यात टाकलं."

ऑर्विलने कोट चढवला आणि टोबीला पुरायला कुदळ घेतली. मागच्या अंगणात जमीन दीड हात गोठलेली. कुदळ नुसती खणखणली. मग त्याने बर्फ बाजूला ओढून तिथे कोळसे पेटवले आणि शेजारी खुर्ची टाकून बसला. आर्डिस खिडकीतून बघत राहिली.

ऊन कलल्यावर त्याने निखारे सारले, गुडघे टेकले, हातमोजा काढला आणि जमीन कितपत नरमली ते तळव्याने चाचपून पाहिलं.