नसलेल्या गावाचा वास

धावडा गावच्या पारापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. अत्तरबाबा माणसाला जुन्या गावाचं नाव विचारायचा, डोळे मिटून पुटपुटायचा आणि पेटीतून कुपी काढून द्यायचा. कुपी हुंगली की धडधाकट बाप्येसुद्धा ढसाढसा रडायचे, "माझ्या मायची चूल!"

"वास म्हंजे काय?" बाबा गरजायचा. "वास म्हंजे राहणं! जिथं घराचा वास, तिथं पितरांचा वास! पितर बिमारी बराबर काढतेत. पण दवाखान्याचा वास आला, की पितर बाहेर!"

माना डोलायच्या. एका शब्दाच्या दोन अर्थांवर बाबाचं दुकान झकास चाललं होतं.

उपकेंद्रातल्या सुमेधा सिस्टरला मात्र घोर लागला होता. उषाबाईंचं गाव धरणात गेलेलं. नवरा बद्रीनाथ दम्यानं बेजार. बाबाचं ऐकून उषाबाईंनी त्याचा औषध ओढायचा पंप उकिरड्यावर फेकला होता. तो आता कुपी हुंगायचा आणि जास्तच धापा टाकायचा.

"मावशी, अत्तरानं दमा वाढतो. हा नवा पंप घ्या."

"तुम्ही बुद्धाची माणसं, पितरं मानत न्हाईत. तुम्हाला काय कळणार?"

सुमेधाला ते लागलं. पण रुसून बसायची ही वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बाबासमोर बसली.

"गाव?"

"पाणीवाडी. धरणात गेलं."

बाबा पुटपुटला. कुपी आली. सुमेधानं ती गर्दीतल्या उषाबाईंच्या नाकाशी धरली.

उषाबाईंचे डोळे भरले. "हे तर आमचंच घर! सारवलेली जमीन, गोवऱ्यांचा धूर..."

"हे पाणीवाडीचं आहे, मावशी. आणि पाणीवाडी नावाचं गाव मी आज सकाळी चहा पिताना रचलं."

तिनं पेटी उपडी केली. कुप्यांखालून एकच डबा निघाला: भाजलेल्या मातीचं अत्तर, त्यात गोवऱ्यांचा धूर दिलेलं तेल. सगळ्या कुप्या त्यातूनच भरलेल्या. मातीची जमीन आणि गोवऱ्यांची चूल कुणाच्या जुन्या घरात नव्हती?

तेवढ्यात शेजारचा कचरू पळत आला. "काकू, बद्रीकाका काहीच बोलून न्हाई राह्यले!"

जीप जाफराबादच्या दवाखान्यात पोचायच्या आत बद्रीनाथ गेला. इकडे लबाडी उघडी पडूनही चार जणांनी बाबाच्या पाया पडून त्याला वाटेला लावलं.

तेराव्यानंतर उषाबाई उपकेंद्रात आल्या. "सिस्टर, वास तर खरा व्हता ना?"

"वास खरा होता. तुमची आठवणही खरी. बाबा खोटा होता."

"मंग म्या पंप का फेकला?"



जुन्या घराच्या वासानं डोळे भरून आले तर खुशाल रडावं. दम लागला तर मात्र पंपच ओढावा. आणि कुणी चमत्कार दाखवायला बसला, तर त्याला आधी एका नसलेल्या गावाचं नाव सांगून बघावं.