बावीस नंबरचं शटर

बावीस नंबरचं शटर खट्‌कन पडलं. लिलाबाईंनी बोर्डाकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला.

गाव पाचोऱ्यापासून जवळच, कापसाच्या जिनिंगमुळे वाढलेलं. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारी एकच ऑपरेटर असे. गावात कुणी टेलिफोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबराचं छोटं पितळी शटर पडायचं. ऑपरेटरनं तिथं पिन घालायची, कोण हवं ते विचारायचं आणि जोडून द्यायचं. कोण कुणाला बोलावतो हे तिच्या हातांना ठाऊक असे. ते बाहेर न बोलण्याची शपथ नोकरीला लागतानाच घेतलेली.

लिलाबाईंनी बोटानं शटर वर ढकललं. ते पुन्हा पडलं. बावीस म्हणजे मगनशेठची जिनिंग. मुनीम जेवायला घरी गेला की शेठ ऑफिसात एकटा असे, आणि नेमका त्याच वेळी त्याला एकतीस नंबर हवा असे. एकतीस म्हणजे हुस्नबानो नर्स.

हुस्नबानो प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आसपासच्या खेड्यांतली कितीतरी बाळंतपणं तिच्या हातची. लिलाबाईंची यशोधराही तिच्याच हातची.

एकदा, बोलणं संपलं की नाही ते पाहायला लिलाबाईंनी मधे कान दिला होता. शेठ पान चघळत, हलक्या आवाजात जे बोलत होता त्यानं त्यांची कानशिलं तापली. पलीकडून हुस्नबानो एवढंच विचारत होती, "कौन बोल रहा? किसके घर से? किसी को दर्द है क्या?" तिला टेलिफोन आपटता येत नव्हता. घंटी वाजली की उचलायची आणि उचलली की थोडं ऐकायचंच; कुठे कुणी अडलेली असेल. हे सगळं इतके दिवस आपणच आपल्या हातानं जोडून दिलं, हे लिलाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं.

त्यांनी सुपरवायझर देवचंदभाऊंना सांगून पाहिलं.

"तू ऐकलंसच कशाला?" भाऊ म्हणाले. "उद्या तोच ओरडेल, ऑपरेटर आमचं बोलणं ऐकते म्हणून. नोकरी जाईल."

"भाऊ, एकटी बाई आहे ती."

"म्हणून तर सांगतो. तक्रार केली तर नाव कुणाचं निघेल, शेठचं? टपरीवर तिचंच निघेल. त्यात मुसलमानाची बाई. विचारूच नको."

त्या दिवसापासून लिलाबाई शेठला सांगू लागल्या, "लाइन एंगेज आहे." थोडे दिवस निभलं. मग एकदा शेठ हसला. "मग तूच बोल की. तुमच्यात काय, सगळं चालतं."

त्यानंतर दुपारी बावीसचं शटर पडलं की त्या उत्तरच देईनाशा झाल्या. थोड्या वेळानं तो कंटाळायचा.

आज तो कंटाळत नव्हता. शटर पडायचं, त्या ढकलायच्या, ते पुन्हा पडायचं. शेवटी थांबलं. लिलाबाई उठून माठातलं पाणी प्यायल्या.

संध्याकाळी शिपाई वना बाहेरून बातमी घेऊन आला. मगनशेठ सकाळीच जळगावला गेला होता. जिनिंगमध्ये सरकी भरताना झुलालच्या बायकोला अचानक कळा सुरू झाल्या. झुलालनं ऑफिसातलं हँडल फिरवून फिरवून शेवटी पायीच धाव घेतली. हुस्नबानो पोचली तोवर नाळ बाळाच्या गळ्याला आवळली होती. बाई वाचली. पोर गेलं.

दुसऱ्या दिवशी झुलाल एक्स्चेंजच्या पायरीशी येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"बाई, मी हँडल फिरई फिरई थकनू. तुम्ही व्हतात ना आठे?"

"होते, भाऊ."

"मंग?"

तो जरा वेळ थांबला, टोपी घातली आणि गेला.

"राखीव जागेवर भरलेल्या बाया. झोपा काढतील, नाहीतर काय?" मगनशेठ चारचौघांत म्हणाला. वनानं तेही येऊन सांगितलं.

चौकशीला जळगावहून साहेब आले.

"शटर पडलेलं दिसत होतं?"

"हो."

"मग उत्तर का नाही दिलं?"

लिलाबाईंनी देवचंदभाऊंकडे पाहिलं. भाऊ टेबलावरच्या काचेत बघत होते. दाराआड वना उभा होता. कारण सांगितलं की एकतीस नंबर निघणार, हुस्नबानोचं नाव निघणार, आणि शेठ तुलाच का बोलावतो, असं गाव तिलाच विचारणार.

"डोळा लागला होता, साहेब."

"ड्यूटीवर?"

"हो."

चौकशी तिथंच संपली. वेतनवाढ रोखली आणि धुळ्याला बदली झाली.

निघण्याआधी त्या हुस्नबानोकडे गेल्या. ती उकळत्या पाण्यातून चिमट्यानं कात्र्या काढत होती. बैस म्हणाली नाही.

"मैं वहीं थी, लिलाबाई. टेलिफोन के बाजू में. कितने दिन से दुपहर में घंटी नहीं बजती थी. मैं बोली, चलो, सुकून है." तिनं कात्री फडक्यावर ठेवली. "थोड़ा पहले जाती तो बच्चा रोता. नींद आ रही थी तो मुंह पे पानी मारना था ना."

"चुकलं माझं, आपा."

हुस्नबानो पुढची कात्री काढायला वाकली. तीही फडक्यावर ठेवून म्हणाली, "यशू को नहीं लाई?"

"शाळेत गेलीय."

"उसको बोलना, अच्छा पढ़."

शेवटच्या दिवशी लिलाबाईंनी बोर्ड कलाबाईच्या ताब्यात दिला. कलाबाई भडगावची, नवी आणि तोंडाळ.

"बावीसचं शटर पडलं की लगेच उत्तर दे," लिलाबाई म्हणाल्या. "आवाज ओळख. शेठ असला आणि एकतीस मागितला, तर लाइन एंगेज. दुसरं कुणी असलं तर हातातलं टाकून आधी ते जोड."

"कशापायी?"

"ते विचारू नको. आणि कुणाला सांगू नको."

कलाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "शेठ मलेच काही बोलना तं?"

"बोलेल. ऐकून घ्यावं लागेल."

"ऐकी का लिसू? मी भडगावनी शे. मी बी बोलसू."

"बोल. पण आवाज ओळखल्याशिवाय शटर वर ढकलू नको," लिलाबाई म्हणाल्या, आणि कानाचा हेडफोन काढून, पदरानं पुसून, तिच्या हातात दिला.

नवरा, यादव, सामान घेऊन ट्रकनं आधीच धुळ्याला गेला होता. एसटीत यशोधरा खिडकीशी बसली. भडगाव मागे पडलं तेव्हा ती आईकडे वळली.

"आई, वर्गातल्या पोरी म्हणतात, तू झोपली होतीस."

"हं."

"पण तू दुपारी कधीच झोपत नाहीस."

पलीकडच्या बाकावर गावातलीच दोन माणसं होती. त्यांचं बोलणं थांबलं होतं.

"लागतो कधी डोळा," लिलाबाई म्हणाल्या.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. तेव्हा लिलाबाईंनी मान मागच्या दांडीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, भजीवाले खिडक्यांशी ओरडत आले, माणसं चढली, उतरली, तरी त्यांनी ते उघडले नाहीत.