पाचव्या तासाची झोप

मित्रांनो, शाळेत बाके असतात ती बसायला. मी मात्र झोपण्यासाठी आहे. मी आजारी मुलांच्या खोलीतली जुनी लोखंडी खाट. जन्मभर आडवी असूनही विश्रांती कशी असते, ते मला माहीत नाही.

एका वेल्डरने मला घडवले, हिरवा रंग दिला आणि ऑफिसशेजारच्या खोलीत आणून टाकले. सकाळी प्राथमिकची मुले येत. कुणाला ताप, कुणाला उलटी, तर कुणाला नुसती आईची आठवण. दुपारी माध्यमिकची. त्यांची डोकी नेमकी गणिताच्या चाचणीला दुखत. खोली सांभाळणाऱ्या मावशी कपाळाला हात लावून म्हणत, "ताप नाही बाळा, पण बहाणा चांगलाच चढलाय. ऊठ!"

सगळ्यांचे वजन सोसून माझ्या पट्ट्या सैल झाल्या. कौतुक कधी वाट्याला आले नाही. "किती कुरकुरते ही!" एवढेच ऐकले.

एका वर्षी नववीतली एक मुलगी रोज पाचव्या तासाला येऊ लागली. पोट दुखते म्हणायची आणि डोके टेकताच झोपायची. चौथ्या दिवशी तिचे वर्गशिक्षक दारात येऊन उभे राहिले.

"मावशी, नाटकं आहेत ही. उठवा तिला."

"उठवते सर. पण आधी विचारते."

सर गेल्यावर मावशी तिच्या उशाशी बसल्या. "खरं सांग पोरी, कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही," मुलगी म्हणाली. "आई दवाखान्यात आहे. बाबा तिच्याजवळ असतात. मी चारला उठते. पाणी, स्वयंपाक, धाकटीची वेणी. तिला सकाळच्या शाळेत सोडते, आईचा डबा पोचवते आणि तिथूनच इकडे येते. वर्गात डोळे मिटतात हो, मावशी."

मावशी तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. या बाई इतक्या कडक, की त्यांच्या चपला वाजल्या तरी दहावीची मुले भिंतीला चिकटत. त्या आल्या तशी मुलगी धडपडत उठू लागली.

"झोप," बाई म्हणाल्या. "पाचवा तास तुझा." मग मावशींकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "खोलीच्या नोंदवहीत पोटदुखीच लिहा. सरांशी मी बोलते."

तीन आठवडे ती येत राहिली. तेवढा तास मी एकही पट्टी वाजू दिली नाही.

मग एका सोमवारी पाचव्या तासाची घंटा झाली, पण ती आली नाही. मावशी काळजीने दारात गेल्या. समोरच्या जिन्यावर ती मैत्रिणींबरोबर हसत उभी होती.

"आई घरी आली, मावशी! मामीपण राहायला आलीय!" ती ओरडली आणि पळाली. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. मला फार बरे वाटले.

आता माझे दोन पाय वाकले आहेत. मी जिन्याखाली मोडक्या बाकांच्या ढिगात पडून असते. डोक्यावरून रोज शेकडो पाय धावतात. मी दमले आहे मित्रांनो, आणि मला दुरुस्त करा असे काही मी म्हणणार नाही. पण तुमच्या वर्गात कुणी पेंगत असेल, तर हसू नका. हळूच विचारा, "घरी सगळं ठीक आहे ना?" आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.