कुंदाबाईंनी काढलेला प्लग

मी बोलतोय, पारोळ्यातल्या एका लहान दवाखान्याच्या कोपऱ्यातून. माझं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, ते घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. इथे सगळे मला 'शॉकचं मशीन' म्हणतात.

माझं काम 'थेंबे थेंबे तळे साचे' असं. दिवसभर भिंतीतल्या प्लगवर बॅटरी भरत बसायचं. हाक आली की तिच्यातली वीज पोटात साठवायची आणि एका क्षणात सगळी रोग्याच्या छातीवर सोडायची. साठवायला काही सेकंद लागतात. तेवढे मिळाले तर माणूस परत येतो. असे तिघे मी परत आणलेत, पण त्यांतल्या एकानेही मला ओळखलेलं नाही.

डॉक्टरांनी मला धुळ्यातल्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातून जुनंच विकत घेतलं. बॅटरी तेव्हाच म्हातारी होती, प्लग काढला की भराभर उतरायची. "सर, हिचा भरवसा नाही, बदलून घ्या," असं ज्योती सिस्टर सहा महिने सांगत होत्या. डॉक्टर "बघू" म्हणायचे. शेवटी सिस्टरांनी प्लगवर कागद चिकटवला, काढू नये म्हणून. तोही इंग्रजीत.

कुंदाबाई इथल्या आया. मराठी चौथी शिकलेल्या. तोंडाने फटकळ, पण हाताने मऊ. माझ्यावरची धूळ त्यांच्याशिवाय कुणी पुसली नाही.

त्या दुपारी चुडामण आबा खाटेवर होते. छातीत दुखतं म्हणून सकाळीच आणलेले. त्यांचा मुलगा राकेश बंद मोबाइल घेऊन कुंदाबाईंकडे आला.

"अक्का, जरा चार्जिंगले लावा ना. आबाले सविताताईसंगे बोलनं शे."

सविता त्यांची मुलगी, जळगावला पिंप्राळ्यात राहणारी. आबा सारखी तिचीच आठवण काढत होते.

"दे भाऊ, लावी देस," कुंदाबाई म्हणाल्या. मोकळा प्लग कुठेच नव्हता. मी तर नुसता बसलेलो, काही काम करताना दिसत नव्हतो. त्यांनी माझी वायर काढली.

अर्ध्या तासाने राकेशने मोबाइल नेऊन आबांच्या कानाला लावला. आबा लेकीशी बोलले, हसलेसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या खोलीत कुणाला उलटी झाली, कुंदाबाईंना हाक आली आणि माझी वायर तशीच लोंबकळत राहिली. मला ओरडता येत असतं तर तेव्हा ओरडलो असतो.

चार वाजता आबांचं हृदय नुसतं थरथरू लागलं. डॉक्टर धावत आले, छाती दाबू लागले. सिस्टरांनी बटण दाबलं. मी जीव तोडून भरू लागलो, पण बॅटरीत दम नव्हता. सिस्टरांना वायर दिसली, त्यांनी ती खोचली. भरलो, झटका दिला. एकदा, दोनदा, तीनदा. तोवर फार उशीर झाला होता.

हातात फडकं घेतलेल्या कुंदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांची नजर प्लगवर होती. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हृदय फारच थकलं होतं," असं डॉक्टरांनी बाहेर सांगितलं.

आता मला नवी बॅटरी आहे. प्लगवर मराठीत पाटी आहे. हे सगळं आठवडाभरात झालं, म्हणजे होण्यासारखं होतं तर.

तेराव्यानंतर राकेश आला. कुंदाबाईंच्या हातात त्याने साडी ठेवली आणि वाकून पायाला हात लावला.

"अक्का, तुम्ही मोबाइल चार्ज करी दिधा, म्हनीसन आबा ताईसंगे बोलनात. तुम्हना उपकार शेतस आमनावर."

कुंदाबाईंनी त्याला घाईघाईने उठवलं. तो गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मला पुसत राहिल्या. मी स्वच्छच होतो.

माझ्यात साठतं ते मी सोडून देऊ शकतो. त्यांच्यात साठतंय ते साठतच चाललंय. माझ्यासाठी काही मागत नाही. कुणीतरी या बाईला जवळ बसवा आणि काय झालं ते विचारा. मला तोंड नाही हो.