सोडून दिलेली मोटार

आकारामने चपला काढल्या, पण तो आत आला नाही. ओसरीच्या कडेला पटका हातात घेऊन उभा राहिला, तेव्हाच अनसूयेने हातातलं काम खाली ठेवलं. तिच्या वडिलांच्या विश्रामबागेतल्या मळ्यावर हा माणूस तिच्या लहानपणापासून होता. तो रात्रीच्या गाडीने सांगलीहून निघून सकाळी साताऱ्यात दारात उभा राहतो, म्हणजे काही ऊस खायला या म्हणून सांगायला आलेला नाही, हे कळायला फार बुद्धी लागत नव्हती.

“अण्णांनी बोलावलंय, ताई. आत्ताच निगायला पायजे.”

अण्णा कसे आहेत, असं तिने विचारलं.

“हाईत,” आकाराम म्हणाला. “जरा बरं न्हाई.” आणि तो छपराच्या वाशांकडे बघू लागला.

ही भाषा अनसूयेला पाठ होती. परगावच्या लेकीला, त्यातून प्रवासाला निघणाऱ्या बाईला, त्यांच्यात मरणाची बातमी कुणी सरळ सांगत नसे. न्यायला आलेल्या माणसाने बातमी पोटात ठेवायची, वाटेत तिला चार घास खायला घालायचे आणि तिला दारात नेऊन सोडायचं. बाकीचं दार सांगत असे. आई गेली तेव्हा आधी ‘आजारी’ एवढीच तार आली, मग चुलते न्यायला आले होते. ‘ताप हटत नाही’ एवढंच ते म्हणाले होते. मिरज येईपर्यंत ते केळी सोलून देत होते आणि हिने ती खाल्ली होती. ती पोचली तेव्हा माणसं नदीवरून परतून अंगणात पाय धूत होती. त्या केळ्यांबद्दल तिने चुलत्यांना कधीच माफ केलं नव्हतं, आणि स्वतःलाही.

तेव्हा या वेळी तिने जास्त विचारलं नाही. यजमान कामासाठी पुण्याला होते. सासूबाईंनी बोचक्यात एक जुनं सुती लुगडं घातलं, “साधंच असू दे,” म्हणाल्या. निघताना कुंकू लावायला विसरल्या. सासूबाई असल्या गोष्टी विसरत नसत.

सकाळची रेल्वे निघून गेली होती आणि पुढची संध्याकाळी होती. सासऱ्यांनी धावपळ करून लालासाहेबांची लॉरी गाठून दिली. लालासाहेब वडूजकडचे. लढाईत लष्कराच्या गाड्या हाकून परत आलेले, आणि लष्कराच्याच लिलावातून त्यांनी ही डिझेलवर चालणारी लॉरी उचलली होती. वाईची हळद भरून ते सांगलीच्या पेठेला निघाले होते. पुढच्या बाकावर मधे आकाराम, खिडकीशी अनसूया, अशी ती निघाली.

उंब्रज गेलं, कऱ्हाड आलं. कऱ्हाडला लालासाहेबांनी चहा सांगितला. आकारामने कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. अनसूया हे सगळं बघत होती. तो पटक्याचं टोक बोटाला गुंडाळत होता, परत सोडत होता. दर मैलाच्या दगडाकडे मान वळवून बघत होता. एकदा तिची नजर त्याच्या नजरेला भिडली, तर त्याने डोळ्यात धूळ गेल्यासारखं केलं. तिच्या मनात उरलीसुरली जी शंका होती ती कऱ्हाडातच गेली. तिला फक्त एवढंच कळेना की बातमी ठाऊक असूनही छाती अशी का धडधडते आहे. एवढं वाचलं होतं तिने, शोकाबद्दलही पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं काहीच उपयोगी पडेना.

कासेगाव मागे पडलं आणि लॉरी खोकू लागली. आधी नुसता हिसका बसला. मग मागून पांढऱ्या धुराचा लोट आला, इंजिनातून कुणी हातोडी मारावी तसे ठोके येऊ लागले, आणि एका बाभळीजवळ ती कण्हत थांबली.

लालासाहेबांनी झाकण उघडलं. इंजिनाला चिकटून एक लहानसा पेटीएवढा पंप होता. त्यात चार दट्टे. प्रत्येक दट्ट्याने डिझेल भयंकर दाबाने बारीक नळीतून इंजिनाच्या आपापल्या कप्प्यात उडवायचं, अशी ती रचना. लालासाहेबांनी आधी गाळणीचं भांडं सोडून हातावर उलटं केलं. तळहातावर पाण्याचे थेंब पसरले.

त्यांनी बोटाने ते थेंब चोळून बघितले.

“म्हातारी,” ते शेवटी म्हणाले. “दुसरं कोन न्हाई. पाडव्याला गाडीची पूजा केली. नारळ फोडला, कुकू लावलं, तितवर ठीक हाय. मंग मला इचारती, रं लाला, ही पानी कुटनं पिती? म्या टाकीचं झाकण दावलं. लष्करात धा वर्सं काढली, पर आईम्होरं अक्कल ऱ्हात न्हाई बगा. माहुलीचं तीर्थ वतलं आसंल तिनं, गडवाभर. पाडव्यापास्नं कालपतुर गाडी उभीच, पानी तळाला बसलं, दट्ट्यास्नी गंज चडला. इंजान धडधाकट हाय, बाई. त्येला भरवनारा हात आखडलाय.”

एरवी अनसूया हसली असती. आकाराम मात्र एकदम चिडला. अशी गाडी घेऊन निघालातच कसं, असं काहीबाही लालासाहेबांना बोलला, मग रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्हीकडे बघू लागला. ती बाभळीखाली बसली. आकारामला एवढी घाई कसली झाली असावी, याचा तिने विचार केला आणि उत्तरही तिचं तिनेच दिलं. उन्हाचे दिवस. दादा, तिचा भाऊ, उचलायला फार वेळ थांबणार नाही.

मग तिला जाणवलं की आपल्याला घाई नाही. ही लॉरी इथे उभी आहे तोवर काही घडलेलं नाही. विश्रामबागेत अण्णा खुर्चीत बसलेत, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधताहेत. लॉरी सुरू झाली की ते संपणार.

लालासाहेबांनी पंपाची बाजूची पट्टी खोलली, दट्ट्यांवर रॉकेल सोडलं आणि लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकायला सुरुवात केली. तेवढ्यात कऱ्हाडकडून एक काळी मोटार आली. आकारामने हात पसरून ती अडवलीच. सांगलीचे एक व्यापारी, त्यांची बायको, मागे सामान. एका माणसाला जागा होईल, बाईंना खुशाल बसू द्या, असं ते गृहस्थ म्हणाले. त्यांच्या बायकोने टोपली मांडीवर घेऊन जागासुद्धा केली.

“जावा, ताई,” आकाराम म्हणाला. “तुमी फुडं व्हा. म्या येतो मागनं.”

अनसूयेला वाटलं, बिचाऱ्याला सुटका हवी आहे. दारात आपल्या शेजारी उभं राहायचं त्याच्या जिवावर आलंय. आणि तिचंही कुठे धाडस होतं, परक्या माणसांत बसून त्या दारापर्यंत जायचं? ती बाई वाटेत विचारणार, कुणाकडे निघालात?

“नको,” ती म्हणाली. “तुला रस्त्यावर टाकून कशी जाऊ? बरोबरच जाऊ.”

व्यापाऱ्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मग नमस्कार करून मोटार गेली. धुरळा शेतावर उतरला. आकाराम बाभळीशी येऊन उभा राहिला. त्याने पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. ते बघून अनसूयेला वाटलं की आता याचं ओझं आपणच उतरवायला हवं.

“आकाराम, बस इथे. मला सांगून टाक आता. किती वाजता गेले?”

“कोन?”

“अण्णा.”

“ताई, काय बोलताय ह्ये? म्या निगालो तवा अण्णा उशीला टेकून बसल्यालं हुतं. त्येंनीच धाडलं मला. दादासायेब म्हनत हुतं तार करू. तर म्हनलं, तारंवर ती इस्वास ठेवायची न्हाई, आईच्या वक्ताला फसलीया. मानूस धाडा. आकारामाला धाडा.”

“मग सरळ का नाही सांगितलंस?”

“डाक्टर म्हनलं, आजचा दिस निगंल आसं वाटत न्हाई. ह्ये कसं सांगायचं वाटंवर? अण्णा म्हनलं, तिला भिववू नगंस.”

मोटार गेली त्या पेठ गावाच्या बाजूला, रस्ता रिकामा होता तिकडे, त्याने एकदा बघितलं.

अनसूया उठली. ती लालासाहेबांजवळ गेली आणि किती वेळ लागेल, असं तिने विचारलं. आवाज इतका वेगळा निघाला की लालासाहेबांनी ठोकळा खाली ठेवला.

“तीन सुटलं,” ते म्हणाले. “चौथा लय हट्टी हाय. त्येला इस्लामपुरास्नं मिस्त्री आनावा लागंल.”

तीनवर चालणार नाही का?

“चालंल. लंगडी पोर पळंल तशी. पर एवढी हळद घेऊन न्हाई वढायची.”

“मग हळद उतरवा.”

लालासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग पोत्यांकडे. माल दुसऱ्याचा होता. आकाराम तोवर फळी सोडून वर चढला होता. “म्या बसतो पोत्यांपाशी,” तो वरून म्हणाला. “कोन न्हेतंय बगतो. तुमी पोरीला पोचवा.” आणि पहिलं पोतं धाडकन बाभळीखाली पडलं.

टाकीतलं डिझेल बादलीत काढलं, तळाचं पाणी मातीत सोडलं. गाळायला कापड हवं होतं. अनसूयेने बोचकं सोडून लुगडं काढलं, चारपदरी केलं आणि बादलीवर ताणून धरलं. चौथ्या दट्ट्याला मोकळा टाकून लालासाहेबांनी पट्टी बसवली. आता नळ्यांतली हवा काढायची होती. पंपाखाली एक चिमुकला दांडा होता, तो अंगठ्याने दाबत राहायचा, आणि त्यांनी वरचे नट सैल करायचे. आधी नुसता फेस आला. ती दाबत राहिली. फेस, बुडबुडे, पुन्हा फेस. आतल्या आत ती कुणाला तरी विनवत होती, त्या फेसालाच बहुधा. अंगठा सोलला. मग धार स्वच्छ आली.

दोघा पुरुषांनी मिळून हॅन्डल फिरवलं. इंजिन नुसतं शिंकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवलं. पुन्हा. आकाराम हॅन्डलवर असा पडला की त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले, आणि इंजिनाने एकदाचा अडखळत सूर धरला.

इस्लामपूर, आष्टा. अर्धी रिकामी लॉरी सगळ्या अंगाने हादरत होती. चढ आला की लालासाहेब पुढे वाकत, जणू त्यांच्या वाकण्याने ती ढकलली जाणार होती. बैलगाड्या हातभर अंतरावरून मागे पडत. अनसूयेचे डोळे मावळतीकडे होते. काळी मोटार एव्हाना सांगलीत पोचून तिचं इंजिन थंडसुद्धा झालं असेल. हा विचार दर खड्ड्यागणिक येत होता आणि ती त्याला हटवत नव्हती. लालासाहेबांनी मधे एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, “आईला कायबी बोलनार न्हाई म्या.” ती हो म्हणाली.

आयर्विन पुलावर आले तेव्हा नदीवरचं ऊन तांबूस झालं होतं. विश्रामबागेच्या फाटकाशी लॉरी लागली, आणि लालासाहेबांनी इंजिन मुद्दाम बंद केलं नाही, कारण ते परत लागेल याचा त्यांना भरवसा नव्हता. ती उतरली. आतून एक बारीक, किरकिरा आवाज आला.

“कुणाची रे ही गाडी? लंगडतेय.”

पायऱ्या ती कशा चढली ते तिला आठवत नाही. अण्णा पलंगावर होते, उशीपेक्षा हलके दिसत होते. दादा बाजूला झाला.

“उशीर केलास,” अण्णा म्हणाले.

तिने गाडीचं सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले. दारात आलेल्या प्रत्येक माणसाला ते असंच खोदून विचारत, मग तो तलाठी असो की कल्हईवाला.

“वाटेत दुसरी गाडी नव्हती मिळत?”

खोलीत दादा होता, वहिनी होती. अनसूया म्हणाली, “मिळाली होती. मी सोडून दिली.”

“का?”

“मला वाटलं, तुम्ही गेलात.”

अण्णांची छाती हलू लागली. वहिनी घाबरून पुढे आली, पण ते हसत होते. हसण्याने त्यांना दुखत होतं आणि तरी ते थांबेनात.

“बरोबर आहे,” ते धापा टाकत म्हणाले. “मग घाई कसली.”

तिने त्यांचा हात धरला. तिच्या सोललेल्या अंगठ्याला डिझेलचा वास येत होता. त्यांनी तो नाकाशी नेला.

“त्या पंपाचं काय झालं, ते नीट सांग. पहिल्यापासून.”

तिने पहिल्यापासून सांगितलं. पाडवा, म्हातारीचा गडवा, चार दट्टे. एका दट्ट्यावर किती दाब येतो, असं त्यांनी विचारलं. तिला माहीत नव्हतं. लालासाहेबांना विचारून ये, म्हणाले. ती फाटकापर्यंत जाऊन आली. पुष्कळ, एवढंच लालासाहेबांना सांगता आलं. त्या उत्तरावर अण्णा नाराज झाले. मग त्यांनी डोळे मिटले. अण्णा डोळे मिटूनच नीट ऐकतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती थांबली नाही. फेस कसा आला, बुडबुडे कसे संपेनात, हे ती सांगत राहिली.