साइमाची डुबकी

त्या सकाळी तळ्यावरच्या बर्फात एक चौकोनी भोक होतं. भोकात, लाकडी धक्क्याला ठोकलेली, सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली एक शिडी. भोवती बुडणाऱ्याला फेकायची दोराची चार कडी, पेटत्या शेगडीचा एक तंबू, कॉफीचे सहा थर्मास आणि सदतीस माणसं. पाण्यात उतरणारी मात्र एकच, त्र्याहत्तर वर्षांची साइमा, डोक्यावर लोकरीची टोपी.

साइमाच्या कानात रात्रंदिवस किणकिण चाले. ती थांबायची फक्त इथे, गोठत्या पाण्यात, तेही भोवती कुणी बोलत नसलं तर. साउनाच्या गरम वाफेतून निघावं, पाण्यात उतरावं, दोन मिनिटं गप्प राहावं, एवढंच तिला हवं होतं.

पण गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात एकाचं घसरून मनगट मोडलं आणि नगरपालिकेचा सुरक्षा अधिकारी ओस्मो कामाला लागला. पाण्यात उतरणाऱ्यावर दोन पहारेकरी हवेत, असा नियम झाला. मग त्याच्या ध्यानात आलं, की पहारेकरीही बर्फावरच उभे! त्यांच्यावर आणखी दोघं-दोघं नेमले. मग त्या दोघांवरही. गावातली धडधाकट माणसं संपली तेव्हा कुठे साखळी थांबली. एकदा साइमा नुसते पाय सोडून बसली, ‘मी उतरलेच नाही’ म्हणून. लगेच नवं कलम आलं: पाऊल पाण्यात, म्हणजे माणूस पाण्यात.

साइमा गळ्यापर्यंत उतरली.

“साइमाबाई, ठीक आहे ना?” ओस्मोनं विचारलं. दर दहा सेकंदांनी विचारायचंच होतं.

“आहे.”

“मोठ्यानं! मागच्या रांगेला ऐकू येत नाही.”

“मागच्यांना सांग, म्हातारी अजून मेली नाही!”

“सावकाश होऊ दे गं,” शेजारीण इर्मेली म्हणाली, “कॉफी गरम आहे.”

किणकिण चालूच होती. ओस्मोनं पुन्हा तोंड उघडलं, तोच साइमाला शिडीवर काहीतरी वेगळं दिसलं. इतक्या माणसांच्या भारानं बर्फाची कड नेहमीच्या खुणेखाली गेली होती, आणि तिच्यावरून पाणी हळूहळू चहूकडे पसरत होतं.

“ओस्मो, तुझे पाय कुठे आहेत बघ.”

ओस्मोनं खाली पाहिलं. बूट पाण्यात होते. सगळ्यांचेच.

“म्हणजे सगळेच पाण्यात,” तो पुटपुटला. “आणि पहाऱ्याला कुणीच नाही! चला, किनाऱ्यावर चला, एकेक करून! साइमाबाई, तुम्हीही निघा!”

“मी कशी निघू? शिडी चढताना वर दोन कोरडी माणसं हवीत. कलम तुझंच ना, बाळा?”

ओस्मो नियमाचा पक्का माणूस.

“हलू नका,” तो म्हणाला. “कोरडी माणसं घेऊन येतो.”

शेगडी, थर्मास, तंबू उचलून सगळे किनाऱ्याकडे गेले. तिथे, कोरडं कोण, यावर वाद सुरू झाला, पण इथवर त्यातलं काही पोचत नव्हतं.

साइमानं डोळे मिटले. उघडले तेव्हा शिडीवरच्या खुणांपाशी बर्फ तीन सेंटिमीटर वर आला होता.