पट्टीखालचा दिवा

मित्रांनो, पत्रकारितेच्या वर्गाच्या लोखंडी कपाटात नऊ रेकॉर्डर आहेत. त्यांतला चार नंबरचा मी. आता जुना झालो आहे. माझं एक बटण दोनदा दाबावं लागतं आणि बॅटरीचं झाकण रबरबँडनं बांधलेलं आहे. मला डोळे नाहीत. म्हणून जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे. पण ऐकलेलं मी विसरत नाही, एवढी बढाई मला मारू द्या.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. जोडणी संपल्यावर मला पेटीत ठेवून एकच सपाट सूर ऐकवला गेला. तो मी जसाच्या तसा परत म्हणून दाखवला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हा चालेल, पुढचा घे." तीच माझी पहिली परीक्षा आणि पहिली शाबासकी.

तेव्हा माझ्या डोक्यावर एक लाल दिवा दिसायचा. आपले शब्द आत जात आहेत, हे समोरच्या माणसाला कळावं म्हणून तो बसवला होता. बोलणारे मध्येच थबकत, "चालू आहे ना?" असं विचारत आणि मग जरा नीट बोलत. ते दिवस मानाचे होते. मग नवी यंत्रं आली, मी मागच्या फळीवर गेलो. एका वर्षी बॅटरी आतच गळली. ती पुसायला आलेल्या स्टोअरवाल्या काकांनी सगळ्यांना नंबर दिले, आणि माझ्या नंबराची जाड पट्टी नेमकी दिव्यावर चिकटवली. दिवा खाली लागत राहिला. तो कुणाला दिसत नाही, याचं कुणाला काही वाटलं नाही.

यंदा सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मला बाहेर काढलं.

"सही कर," काका म्हणाले. "आणि हे बघ, पडला, भिजला, हरवला, तर मला सांगायला येऊ नकोस. सरळ गाव सोडून पळ."

"वजन किती आहे याचं?" एका मुलीचा आवाज.

"किराणा घ्यायला आलीस का गं?"

मागे सगळे हसले. ती विज्ञानाची पदवी घेऊन या वर्गात आली होती. आदल्या दिवशी ओळख करून देताना बाकीचे 'समाज बदलायचाय' वगैरे बोलले होते. हिनं घड्याळ लावून बरोबर साठ सेकंदांत ओळख संपवली होती. तेव्हापासून वर्गात तिचं नाव पडलं, सेकंदबाई.

सरांनी काम दिलं. या इमारतीत राबणाऱ्या एका माणसाची मुलाखत, दोन मिनिटं, एक सेकंदही जास्त नाही. मुलाखत संपली की तीस सेकंद गप्प राहून त्या जागेचा आवाज टिपायचा. "रिकामी खोलीसुद्धा बोलते," सर म्हणाले. "कापाकापी केल्यावर सांधे झाकायला तोच आवाज लागतो. आणि लक्षात ठेवा, कोण टिकणार ते मला पहिल्याच आठवड्यात कळतं."

त्या संध्याकाळी तिनं मला घरी नेऊन सराव केला. तिच्या वडिलांचा आवाज अजून माझ्यात आहे. "चांगली प्रयोगशाळा सोडलीस. आता लोकांच्या तोंडाशी ही डबी धरत फिरणार?"

"बाबा, एक महिना द्या मला."

"महिना कशाला? आठवड्यात परत येशील."

बुधवारी ती लिफ्टवाल्या मामांकडे गेली. मधल्या सुट्टीत लिफ्ट खाली उभी होती. आत मामांचं स्टूल कुरकुरत होतं आणि छोटा पंखा एकसारखा घुमत होता. मामा मजेचे होते. "वीस वर्षं वर-खाली करतोय, पोरी. एवढं चढूनही कुठे पोचलो नाही बघ!" ती हसली. पण तिच्या बोटांची चाळवाचाळव मला जाणवत होती. असलं बोलणं सगळ्यांकडेच असणार होतं.

प्रश्न संपले. "मामा, आता थोडा वेळ गप्प बसायचं हं," ती म्हणाली. कशासाठी, ते सांगितलं नाही.

पंख्याची घरघर. चार सेकंद, पाच सेकंद. मग मामा म्हणाले, "झालं ना? मग आता मोकळं बोलतो."

यावर तिचा काहीच आवाज आला नाही. मान हलवल्याचा आवाज होत नसतो. तिनं ती हलवली होती, हे मला शनिवारी तिच्याच तोंडून कळलं.

"वरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन मी लिफ्टचा पोलादी दोर बघतो," मामा हळू आवाजात सांगू लागले. "त्यातल्या तुटलेल्या तारा मोजतो. मागच्या महिन्यात सात होत्या, आता अकरा आहेत. ऑफिसात दोनदा तोंडी सांगितलं. म्हणाले, वहीत ठीक लिहीत जा, बघू. म्हणून रोज सकाळी 'लिफ्ट ठीक' लिहितो, आणि दिवसभर तुम्हा पोरांना वर नेताना दोराच्या आवाजाकडे कान लावून बसतो."

मित्रांनो, मी पूर्ण वेळ चालू होतो. दिवा लागलेला होता, पट्टीखाली. ओरडून सांगण्याची सोय माझ्यात नाही.

गुरुवारी ती संगणकासमोर बसली. तिनं सुरुवातीची मजा काढून टाकली, दोर ठेवला. सगळं मिळून दोन मिनिटं चार सेकंद भरलं. 'झालं ना? मग आता मोकळं बोलतो' याला बरोबर चार सेकंद लागत होते. तिनं ते वाक्य पाच वेळा ऐकलं. मग कापलं. सांधा झाकायला पंख्याच्या घरघरीचं ठिगळ लावलं. माझ्यात किती खरे आवाज होते! पण त्या दिवशी जे खोटं झालं, ते माझ्याच खऱ्या घरघरीनं झालं.

"शाब्बास!" सर म्हणाले. "सेकंदबाई, तू टिकलीस."

शुक्रवारी दुपारी तिचं काम सगळ्या मजल्यांवरच्या कर्ण्यांतून ऐकवलं गेलं. दहा मिनिटांत लिफ्ट बंद झाली. ते योग्यच झालं. अकरा तारा खऱ्या होत्या. पण अर्ध्या तासात मामांना ऑफिसात बोलावलं. वहीत रोज खोटं लिहिल्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडून कबूल केलं होतं, आणि तसं लिहायला कुणी सांगितलं ते ऑफिसला आठवत नव्हतं.

शनिवारी मी तिच्या पिशवीत होतो. कामावरून काढलेले मामा किल्ल्या द्यायला आले होते.

"मामा, माझं चुकलं. तुम्ही विचारलंत आणि मी मान हलवली."

मामांच्या हातातल्या किल्ल्या वाजल्या. मग कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. "हा अर्ज. तारांचा आकडा, तारखा, सगळं लिहिलंय. सोमवारी देणार होतो. आधी विचारलं असतंस ना पोरी, तर मी स्वतःचं नाव सांगून बोललो असतो. तक्रार करणारा ठरलो असतो. आता चोर ठरलो."

ते पायऱ्या उतरून गेले. लिफ्ट तर बंदच होती.

ती थेट सरांकडे गेली आणि मूळ आवाज त्यांना ऐकवला. "सर, चार सेकंद कापलेत मी."

"बातमी खरी आहे ना?"

"बातमी खरी आहे. मी ऐकवली ती मुलाखत खरी नाही."

"सोमवारी बघू," सर म्हणाले.

"नाही सर. मी आजच ऑफिसात देते. मला वर्गातून काढलंत तरी चालेल." ती गेली आणि मूळ आवाजाची प्रत देऊन आली. तिथे ती कुणी ऐकली की नाही, मला माहीत नाही. मामा परत आले नाहीत, हे मात्र माहीत आहे. ते स्टूल मी कुठेही ओळखेन. ते नंतर कधी कुरकुरलं नाही.

मग तिनं मला परत केलं. परतीच्या वहीत 'दोष' असा एक रकाना असतो. तिथे तिचं पेन बराच वेळ चाललं. काकांनी मोठ्यानं वाचलं, "दिवा पट्टीखाली झाकलेला आहे. चालू असल्याचं समोरच्याला कळत नाही. जिला कळत होतं, तिनंही सांगितलं नाही." ते थांबले. "हे शेवटचं यंत्राच्या रकान्यात कशाला?"

"दुसरा रकाना नाही, काका."

"आणि पट्टी काढली, तर नंबर कुठे लावू मी?"

मित्रांनो, मी अजून त्याच कपाटात आहे आणि पट्टी जागेवर आहे. मला धुळीची तक्रार नाही, रबरबँडचीही नाही. पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी पडलो, तर आधी नखानं ती पट्टी सोडवा. माझ्या पाठीवर नंबरापुरती भरपूर जागा आहे. आणि समोरच्यानं "झालं ना?" असं विचारलं, तर मान हलवू नका. तोंडानं सांगा. तेवढं मला ऐकू येतं.